केबिनमधली धग

बिरा खरातानं टेम्पो अंगणात उभा केला आणि इंजिन बंद केल्या केल्या उडी मारून थेट रांजणाकडे पळाला. तांब्यानं पायांवर पाणी ओतून घेतलं, पुन्हा ओतलं, मग ओल्या पायांनीच माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"वैनी, ही घ्या चावी. दुसरा ड्रायव्हर बघा."

"का? आता काय झालं?"

"काय झालं म्हणून काय इचारता? मालक बसू देत न्हाईत."

"कोण मालक?"

"मालक किती हायत हो गाडीला? आपलं भगवान मालक." त्यानं पायातली चप्पल काढून उलटी करून दाखवली. टाचेचं रबर मऊ पडलं होतं, बोटानं दाबलं की खड्डा पडत होता. "सपाटीला गप असत्यात. खिंडीचा चढ लागला की खालनं धग सुरू. चुलीवर पाय ठिवून गाडी चालवायची का मी? पोतं टाकून बघितलं तर पोतं करपलं. खोटं वाटत आसंल तर वास घ्या."

"अरे, इंजिन तापत असेल."

"काटा बघितला की! काटा जाग्यावर. पाणी बघितलं, तेल बघितलं. सगळं जिथल्या तिथं. मग तापतंय काय?" असं म्हणून त्यानं कानाच्या पाळ्या धरल्या, गाडीला नमस्कार केला, चावी कट्ट्यावर ठेवली आणि गेला. पगार मागायलाही थांबला नाही. यावरून तो किती भ्यायला होता ते समजा.

आमचे हे त्या आधीच्या आश्विनात गेले. डाळिंबं उतरवून परत येताना त्यांच्या छातीत कळ आली. तशातही त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चावी काढून खिशात ठेवली, आणि मग सीटवरून खाली घसरले. सापडले तेव्हा पायांपाशी मुटकुळं करून पडलेले होते. मरता मरता गाडीची सगळी व्यवस्था लावून गेला माणूस, माझ्यासाठी मात्र एक शब्द ठेवला नाही. त्याचा राग मला आजही येतो.

तेव्हापासून गाडीवर ड्रायव्हर टिकेना. पहिल्यानं लिंबू-मिरच्या बांधल्या, त्याच्यानंतरच्यानं काळी बाहुली टांगली, बिरानं तर चाकाखाली नारळ फोडला होता. सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच. मालक जिथं पडले तिथंच धग लागते, आणि ते असताना कधी लागत नव्हती. आटपाडीपासून दिघंचीपर्यंत बोभाटा झाला की भगवानचा जीव गाडीत अडकलाय.

संध्याकाळी शहाजी भाऊजी आले. माझे धाकटे दीर. शेजारच्याच घरात राहायचे, दुधाचं संकलन करायचे. माणूस वाईट नाही, पण घाबरट.

"वैनी, बिरापण गेला म्हणं."

"गेला."

"मग इकून टाकू. सांगोल्याचा एकजण सोमवारी बघायला येतोय. त्याला हितलं काय ठावं न्हाई. गावातलं कोण सांगायच्या आत उरकलेलं बरं."

"मला विकायची नाही गाडी."

"चालवणार कोण? हंगाम तोंडावर आलाय. उभी करून पूजा करायची का तिची?"

त्यांचंही चूक नव्हतं. पण मला टेम्पो जाऊ द्यायचा नव्हता. आम्हाला पोरबाळ नाही. घरात मी आणि सासूबाई, दोघी विधवा, एका चुलीवर जेवणाऱ्या आणि दिवसभरात चार वाक्यं बोलणाऱ्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. ह्यांच्या हाताचं म्हणावं असं घरात काही उरलं असेल तर तो टेम्पो, आणि उद्या माझ्या हाताला काही काम मिळालं असतं तर तेही त्याच्यावरच. तो गेला की मी त्या घरात नुसती भाकऱ्या थापायला उरणार होते.

"मीच चालवते," मी म्हणाले.

भाऊजींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी विमान उडवते म्हणाले. पण गाडी मला येत होती. गावचा तलाव आटला होता तेव्हा ह्यांनी मला त्या कोरड्या पात्रात नेऊन शिकवलं होतं, लायसन काढून दिलं होतं. "भिंतीला धडकायची भीती न्हाई, हाण कुठंपण," म्हणायचे आणि शेजारी बसून खदाखदा हसायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचला आणि गाडी काढली. गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. मी कुणाकडे बघितलं नाही. खरं तर बघायची सोयच नव्हती, वळणावर नाकी नऊ आले होते. दिघंचीच्या रस्त्याला सपाटीवर सगळं ठीक. खिंडीच्या चढाला गाडी खालच्या गिअरमध्ये घुमायला लागली, आणि थोड्या वेळानं उजव्या पायाला ऊब लागली. आधी बरं वाटावं अशी. मग वाढत वाढत अशी की ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप उचलला जायला लागला. बिरा खोटं बोलत नव्हता.

वर खिंडीत मी गाडी थांबवली, आणि जरा वेळ तशीच बसले. जरा वेळ म्हणजे चांगलाच वेळ. मग खाली आले.

अंगणात गाडी उभी करून मी इंजिन चालूच ठेवलं. घरातून बादली आणि पोतेरं आणलं आणि केबिनची भुई या दारापासून त्या दारापर्यंत पुसून सगळीकडे सारखी ओली केली. मातीची घरं सारवण्यात जन्म गेला माझा. सारवलेली जमीन आधी कुठं वाळते ते बाईला बरोबर कळतं. जिथं खाली ऊब, तिथं आधी.

आत्याबाई उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. "काय चाललंय?"

"बघते, ह्यांनी किती जागा व्यापलीय ते."

ओल सगळीकडे टिकून होती. फक्त ॲक्सिलरेटरच्या मागं, तव्याएवढ्या जागेवरून वाफ निघाली आणि ती जागा बघता बघता कोरडी झाली. तिथून पुढं वाळत वाळत कड सरकत गेली. मी परत ओलं केलं. परत तीच जागा आधी वाळली. माणसाचा जीव अडकला असता तर त्यानं एवढं मोजकं ठिकाण कशाला धरलं असतं? आमचे हे बसले की चार जणांची जागा अडवायचे.

मी इलाही मिस्त्रींना निरोप धाडला. इलाही मुलाणी म्हणजे ह्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. गाडीचा बोल्टही त्यांच्याशिवाय कुणाच्या हाताला लागू द्यायचे नाहीत हे. पण ह्यांची माती झाल्यापासून मिस्त्री आमच्या दारात आले नव्हते. दुपारी आले ते खांद्याला पान्ह्यांची पिशवी अडकवून, खाली मान घालून.

ते गाडीपाशी पोचायच्या आत आत्याबाई पुढच्या चाकाला पाठ लावून खाली बसल्या.

"मिस्त्री, गाडीला हात लावायचा न्हाई."

मिस्त्री माझ्याकडे बघायला लागले.

"आत्याबाई, उठा," मी म्हणाले.

"का उठू? माझ्या लेकाची गाडी हाय."

"म्हणून तर दुरुस्त करायचीय."

"काय दुरुस्त करतीस? जित्ता हुता तवा कधी घरात टिकला न्हाई. आज कोल्हापूर, उद्या सोलापूर. आत्ता कुठं दारात येऊन बसलाय, तर त्याला हाकलून द्या? ऊब हाय त्याची. मी रोज सकाळी दाराला हात लावून बघते."

"रोज सकाळी ऊन येतं त्या दारावर, आत्याबाई."

"तुला काय कळतंय!"

"लोकांचे पाय भाजतायत."

"मग बसू नये लोकांनी!"

यावर मिस्त्रींनाही हसू आवरेना, त्यांनी तोंड फिरवलं. मला मात्र हसू आलं नाही. मी आत्याबाईंसमोर उकिडवी बसले.

"हे बघा, सोमवारी सांगोल्याचा माणूस येतोय. ड्रायव्हर नाही म्हटल्यावर भाऊजी गाडी देऊन टाकणार. मग ऊब बघायला रोज सांगोल्याला जाल का?"

त्या खाली पडलेली काडी घेऊन मातीत फिरवत बसल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"कर तुला काय करायचं ते. पर एक सांगून ठिवते. एकदा तो आपला आपण गेला. आता तू घालवतीयास."

त्या घरात गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. ते वाक्य माझ्या असं काळजात गेलं की मिस्त्रींना हात करून "बघा" म्हणायलाही मला वेळ लागला.

मिस्त्रींनी गोणपाट अंथरलं आणि गाडीखाली सरकले. ठोकाठोकी झाली, पुटपुटणं झालं. मग आवाज आला, "वैनी, तुम्हीच या खाली. बघा एकदा."

मी पदर डोक्याभोवती गुंडाळून गाडीखाली सरकले. मिस्त्रींनी बॅटरी मारली. इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा पाइप जिथं जोडला होता तिथं फट दिसत होती.

"हितलं पॅकिंग जळून गेलंय. गरम धूर मागं जायचा तर हितनंच निसटतोय. अन कुठं आदळतोय? ती वर काजळी बघा." केबिनच्या भुईला खालून काळा पट्टा पडला होता, आणि तो नेमका मघाच्या कोरड्या जागेखाली होता. "चढाला इंजिनावर लोड येतो, धुराचा जोर वाढतो. म्हणून चढालाच धग. अन काट्याचा काय संबंध? काटा पाण्याचा. पाणी थंडच हाय."

"एवढंच?"

"एवढंच न्हाई. पाइप अन भुई यांच्यामधी एक पत्रा असतो, धग अडवायला. तो कधीच गळून पडलाय. बोल्टाला नुसतं त्याचं कान राह्यल्यात." मिस्त्रींनी जरा पुढं सरकून बॅटरी जवळ धरली. बोटानं त्या कानांवरचा गंज खरवडला. "पर वैनी, ह्यो गंज आजचा न्हाई. दोन वर्सं तरी झाली आसतील पत्रा पडून, अन फटपण तवाचीच. भगवान रोज ह्या खिंडीनं जायचा. मला कधी म्हणाला न्हाई, पाय भाजतो म्हणून."

आम्ही दोघं गाडीखाली तसेच पडून राहिलो. खरं सांगते, मला भीती वाटली नाही. मला आनंद झाला. फट दोन वर्षांची, पत्रा दोन वर्षांपूर्वी पडलेला, आणि धग मात्र ते गेल्यानंतरची. मग बिरा म्हणतो तेच खरं असेल तर? आत्याबाई म्हणतात तेच खरं असेल तर? मनात म्हटलं, मिस्त्रींनी आता इथंच थांबावं, पान्हे गोळा करावेत आणि घरी जावं.

पण ते इलाही मिस्त्री. ते बाहेर सरकले, केबिनमध्ये चढले आणि भुईवर ओणवे होऊन स्क्रू ड्रायव्हरनं खरवडायला लागले. मी खाली उभी होते. त्यांनी हात बाहेर काढला. बोटांत काळ्या लोकरीचे धागे होते, पत्र्याच्या गंजात अडकून राहिलेले.

"हितं घोंगडं हुतं," ते म्हणाले. "खाली घोंगडं, वर रबरी मॅट. म्हणून धग लागत न्हवती त्याला. कुठं गेलं ते?"

मला काय माहीत? शिकताना पायाखाली काय अंथरलंय ते मी कधी बघितलं नव्हतं. तेवढ्यात भाऊजी दुधाचे कॅन घेऊन आले, आणि मिस्त्रींनी त्यांनाच विचारलं. भाऊजींनी कॅन खाली ठेवले.

"ते व्हय? ते आम्ही तवाच टाकलं. मॅट, घोंगडं, उशी, समदं. वढ्याकाठी."

"कुणी सांगितलं?"

"आईनं. म्हणाली, जीव गेला त्या वक्ताला अंगाखाली हुतं ते काय ठिवायचं न्हाई. रीतच हाय की. तुमी आत हुता वैनी, तुमाला कोण सांगणार तवा?" बोलता बोलता त्यांनाच उमगलं आणि तोंड उघडं राहिलं. "म्हंजे घोंगडं काडलं म्हणून..."

"म्हणून," मिस्त्री म्हणाले.

घरातून आत्याबाईंच्या खोकल्याचा आवाज आला. भाऊजींनी तिकडं बघितलं, मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "वैनी, आईला सांगू नगा. तिनंच टाकायला लावलं, अन आता रोज त्या दाराला हात लावती."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

मग काम झालं. मिस्त्रींनी तालुक्यातून नवीन पॅकिंग आणून जोड घट्ट आवळला, इंजिन चालू करून ओला फडका फिरवत धूर कुठून सुटत नाही याची खात्री केली. जुन्या तेलाच्या डब्याचा जाड पत्रा कापून पाइपाच्या वर बसवला, पण भुईला चिकटवला नाही, मध्ये बोटभर फट ठेवली. "हवा खेळली पायजे. चिकटवला तर पत्राच तापून धग देईल," म्हणाले. गिअरच्या दांड्याचं फाटकं रबर बदललं. मी घरातलं एक जुनं घोंगडं आणलं, त्यांनी ते बेतून कापलं, खाली घातलं, वर नवी मॅट.

"चला, ट्रायल घ्या. मी बसतो बाजूला."

मी खिंडीच्या रस्त्याला गाडी घातली. चढ लागायच्या आधी चपला काढून टाकल्या. मिस्त्री म्हणाले, "वैनी, पायात घाला, मॅटवर घसरंल," पण मी ऐकलं नाही. खालचा गिअर टाकला. इंजिन घुमायला लागलं. मी वाट बघत होते. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, वर खिंडीतलं देऊळ दिसायला लागलं, आणि माझे पाय गार. सकाळच्या फरशीवर ठेवल्यासारखे गार.

"झाली बघा पास!" मिस्त्रींनी टाळी वाजवली. "आता ड्रायव्हर रांग लावतील दारात. अहो, रडताय कशाला? आनंदाच्या वेळेला?"

"काही नाही. धूर गेला डोळ्यात."

"धूर तर बंद केला की आत्ता," ते म्हणाले आणि लगेच जीभ चावून बाहेर बघायला लागले. त्यांचेही डोळे भरले होते. तालुक्याच्या फाट्यावर ते उतरले आणि दार लावताना गाडीवर थाप मारून गेले, माणसाच्या पाठीवर मारतात तशी.

तिथून घरापर्यंत मी एकटी होते. किती एकटी ते तेव्हा समजलं. गेले काही महिने दुपारी सगळं गाव निजलं की मीही त्या केबिनमध्ये जाऊन बसायची, इंजिन चालू करून. कुणी विचारलं असतं तर बॅटरी उतरू नये म्हणून, असं म्हणाले असते. पाय जरा गरम झाले की मी मनातल्या मनात भांडायची ह्यांच्याशी. चावी खिशात ठेवलीत, आणि मला हाक मारायला काय झालं होतं? असली भांडणं. जिवंत असताना इतकी कधी भांडले नव्हते. आता पाय गार होते, आणि भांडायला समोर कुणी नव्हतं. गाडी माझी राहणार होती, सांगोल्याचा माणूस परत जाणार होता, हंगाम माझ्या हातात होता. जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं होतं, आणि मला हुंदके आवरत नव्हते.

अंगणात गाडी आणली तर आत्याबाई कट्ट्यावर बसलेल्या. मी इंजिन बंद करणार तोच त्या उठून जवळ आल्या. माझ्या तोंडाकडे बघितलं, डोळे बघितले.

"गेला का गं?"

मी पदरानं तोंड पुसलं.

"घालवलास तू त्याला. मला वाटलंच." त्या दाराची कड धरून उभ्या राहिल्या. "माझीच चूक. मी उठायलाच नको हुतं तिथनं."

खरं काय ते माझ्या जिभेवर आलं होतं. तुमच्याच सांगण्यावरून घोंगडं टाकलं, आत्याबाई. तुमचा लेक कधीच नव्हता इथं, नुसता धूर होता. बोलले असते तर त्यांचं माझ्यावरचं किटाळ जागीच फिटलं असतं. मी खाली उतरले, त्यांच्या दंडाला धरून पलीकडच्या दारानं त्यांना वर चढवलं आणि सीटवर बसवलं. आमच्या टेम्पोत दोन सीटच्या मधोमध इंजिन असतं, त्यावर लोखंडी झाकण. इंजिन चालू होतं, नुकताच चढ चढून आलेलं. मी त्यांचा हात धरून त्या झाकणावर ठेवला.

"बघा."

त्यांनी तळहात सरकवून सरकवून बघितलं. मग दोन्ही हात ठेवले. चेहरा हळूहळू सैल पडत गेला.

"हाय की गं!"

"आहे. पायाशी अवघडत होता, म्हणून जरा वर बसवला."

"हितं बरं हाय," त्या म्हणाल्या. "हितं कुणाचा पाय लागायचा न्हाई त्याला." आणि तिथंच मान टेकवून त्यांनी डोळे मिटले.

त्यानंतर त्या सात वर्षं जगल्या. रोज मी इंजिन सुरू केलं की निघायच्या आधी त्या झाकणाला हात लावून यायच्या, आणि दिवसभर घरात एकट्या असल्या तरी कधी एकट्या दिसल्या नाहीत. त्यांना 'आहे' असं सांगायला मी होते. मला सांगणारं कुणी नव्हतं.